मान दुसऱ्यांदा का वळते?

गेल्या आठवड्यात मी खिडकीशी उभी होते. समोरच्या भिंतीवरून एक कुंडी चालली होती. एकटीच. आतलं रोप संथ लयीत डुलत होतं आणि कुंडी भिंतीच्या कडेकडेने, माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. माझी नजर तिच्यावरून पुढे गेलीसुद्धा होती. ती झटक्यात मागे आली. आता कुंडीच्या दोन्ही बाजूंना बोटं दिसली, आणि त्याच क्षणी कुंडी डोक्यावर घेतलेला माणूसही मला दिसला. खरं तर तो अजून पूर्णपणे भिंतीआडच होता. भिंत बरोबर त्याच्या टाळूइतकी उंच होती.

सगळा प्रकार दोन सेकंदांचा. पण तो डोक्यातून जाईना, कारण बोटं पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तिथेच होती. डोळ्यांत शिरलेला उजेड दोन्ही वेळा जवळपास सारखाच होता. तरी पहिल्यांदा मी चालणारी कुंडी पाहिली आणि दुसऱ्यांदा एक माणूस.

चमकून पुन्हा पाहण्याची ही वेळ हल्ली सगळ्यांवरच वारंवार येते. फोन उघडला की असे फोटो समोर येतात: दोन माणसं आणि पाय मात्र तीन, जमिनीपासून वीतभर वर तरंगणारी सतरंजी, कुत्र्याचं तोंड आणि खाली माणसाचं धड. त्यात आता संगणकाने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. त्यामुळे ‘मी नेमकं काय पाहिलं?’ हा प्रश्न गंमतीपुरता राहिलेला नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी पाहणं म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागते.

डोळ्याला खरोखर किती दिसतं?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच कमी. हात समोर ताठ धरा आणि अंगठा उभा करा. त्या अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा झाकली जाते, साधारण तेवढाच तुकडा डोळा कोणत्याही क्षणी बारकाव्यांसकट पाहू शकतो. डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मधोमध एक छोटासा खळगा आहे. बारीक तपशील टिपणाऱ्या पेशींची सगळ्यात दाट गर्दी तिथे असते. त्याच्याबाहेर जसजसं जावं तसतसं चित्र पुसट होत जातं. पटत नसेल तर या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर खिळवा आणि डोळा न हलवता तीन ओळी खालचा मजकूर वाचून पाहा. अक्षरं आहेत एवढं कळतं, ती कोणती हे कळत नाही.

शिवाय प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी आहे जिथे काहीच दिसत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तो हा अंधबिंदू. सतराव्या शतकात एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला. त्याआधी शतकानुशतकं माणसं या भोकासकट जगत होती आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. आजही तो आपल्याला जाणवत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग आणि पोत घेऊन ती जागा भरून काढतो.

मग समोर सलग, स्वच्छ दृश्य पसरलंय असं का वाटतं? कारण डोळा सतत उड्या मारत असतो, सेकंदाला तीन-चार वेळा. या उडीला सॅकेड म्हणतात. उडी चालू असताना जग भर्रकन घसरताना दिसायला हवं, पण तेवढ्या वेळापुरतं मेंदू डोळ्याचं ऐकणं जवळजवळ बंद करतो. आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. डोळे हलताना एकदाही दिसणार नाहीत. शेजारी कुणी उभं असेल तर त्याला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतील. काट्याच्या घड्याळाकडे अचानक पाहिलं की सेकंदकाटा क्षणभर थबकल्यासारखा वाटतो, तोही याचाच परिणाम. उडीत गेलेला वेळ मेंदू मागाहून उडीनंतरच्या पहिल्या दृश्याच्या खात्यात जमा करतो.

म्हणजे मेंदूकडे येतात ते तुकडे. मधल्या जागा तोच भरतो. चालती कुंडी जन्माला येते ती इथे.

वाकड्या अक्षरातली चिठ्ठी

डॉक्टरांचं गिचमीड अक्षर औषधविक्रेता सहज वाचतो, आपल्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. त्याची दृष्टी आपल्यापेक्षा चांगली नसते. त्या कागदावर काय काय लिहिलेलं असू शकतं हे त्याला आधीपासून माहीत असतं. औषधांची नावं ठरलेली, मात्रा ठरलेल्या, त्यामुळे एखादा फराटाही त्याला पुरतो.

मेंदू जग असंच वाचतो. एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने पाहण्याला ‘नकळत काढलेला निष्कर्ष’ म्हटलं होतं. डोळ्याकडून अपुरा पुरावा येतो, मेंदू जुन्या अनुभवाला विचारतो की असा पुरावा बहुधा कशामुळे मिळतो, आणि जे उत्तर येतं ते आपल्याला ‘दिसतं’. गेल्या काही दशकांत मेंदूचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी हीच कल्पना पुढे नेली. त्यांच्या मते मेंदू पुराव्याची वाट बघत बसत नाही. पुढच्या क्षणी काय दिसेल याचा कच्चा खर्डा तो आधीच तयार ठेवतो. डोळ्याकडून येणारी माहिती त्या खर्ड्याशी ताडून पाहिली जाते. जुळलं तर काम पुढे चालू, आपल्याला काही जाणवतही नाही. जुळलं नाही तर जो फरक उरतो, त्याला ‘अंदाजाची चूक’ म्हणतात. या लेखात एवढी एकच संज्ञा लक्षात ठेवली तरी पुरे.

ही चूक पायालाही होते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी. काय धक्का बसतो! जमीन तर सुरक्षित असते, पडण्याचा प्रश्न नसतो, तरी सगळं अंग हादरतं. कारण नसलेल्या पायरीवर पाय ठेवण्याची सगळी तयारी झालेली असते. दुसऱ्यांदा वळणारी मान म्हणजे डोळ्यांची अशी हुकलेली पायरी.

त्या अर्ध्या सेकंदात काय घडतं?

१९९६ मध्ये सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना निसर्गातले फोटो फक्त २० मिलिसेकंद दाखवले. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. फोटोत प्राणी आहे की नाही, एवढंच सांगायचं. लोकांची उत्तरं बहुतेक बरोबर आली आणि मेंदूतल्या विजेच्या नोंदींमध्ये प्राणी असलेल्या आणि नसलेल्या फोटोंमधला फरक सुमारे १५० मिलिसेकंदांतच उमटला. म्हणजे दृश्याचा गोषवारा मेंदूला फार लवकर मिळतो. हा रस्ता, ही गर्दी, हे घर, इतपत कळतं आणि नजर पुढे सरकते.

तपशील मागून येतात, आणि त्यातला एखादा गोषवाऱ्यात बसत नाही. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी भाषेच्या बाबतीत याची खूण सापडल्याचं दाखवलं. ‘तिने केस विंचरायला खिडकी घेतली’ अशा तऱ्हेच्या वाक्यात भलता शब्द आला की तो वाचल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत नोंदीत एक ठराविक लाट उठते. पुढे चित्रांतल्या विसंगत वस्तूंनाही तशीच लाट दिसली. या वेळेत आपली नजर तिथून निघूनही गेलेली असते, म्हणून तिला मागे यावं लागतं. ‘पाहिलं, पुढे गेले आणि मग चमकून परत पाहिलं’ हा क्रम म्हणजे मेंदूचं वेळापत्रकच आहे.

परत पाहताना शरीरही साथ देतं. पावलोव्ह यांनी कुत्र्यांमध्ये पाहिलेल्या या प्रतिक्रियेला ‘हे काय आहे?’ प्रतिक्षिप्त क्रिया असं नाव दिलं होतं. मान वळते, हातातलं काम थांबतं, बाहुल्या किंचित मोठ्या होतात, हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात. भीती वाटली की ठोके वाढतात, इथे उलट होतं. आधी माहिती, घाबरायचं की नाही ते नंतर.

१९७८ मध्ये लॉफ्टस आणि मॅकवर्थ यांनी शेतावरच्या घराच्या चित्रात ट्रॅक्टरच्या जागी चक्क ऑक्टोपस काढून लोकांची नजर मोजली होती. विसंगत वस्तूकडे नजर लवकर जाते का, यावर पुढे संशोधकांत वाद झाला. एकदा गेली की ती तिथे जास्त वेळ रेंगाळते, यावर मात्र वाद नाही.

काळं बदाम आणि लाल इस्पिक

या विषयातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग १९४९ चा आहे. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी २८ विद्यार्थ्यांना क्षणभर पत्ते दाखवले. त्यातले काही नेहमीचे होते, काहींचा रंग उलटा होता: बदाम काळं, इस्पिक लाल. विद्यार्थ्यांना हे सांगितलेलं नव्हतं. पत्ता आधी अगदी थोडा वेळ दाखवायचा, ओळखता आला नाही तर हळूहळू वेळ वाढवत न्यायचा.

नेहमीचा पत्ता ओळखायला सरासरी २८ मिलिसेकंद पुरले. उलट रंगाच्या पत्त्याला ११४ लागले. पण त्या आकड्यांपेक्षा मधल्या वेळात लोक काय म्हणत होते ते मोलाचं आहे. बरेच जण बेधडक चुकीचं सांगत. लाल इस्पिक दिसलं की ‘इस्पिक’ म्हणून मोकळे होत आणि रंग काळाच होता असं धरून चालत, किंवा रंग पाहून ते बदामच मानत. काहींनी तडजोड केली. त्यांना पत्ता तपकिरी दिसला, जांभळट दिसला, काळ्याला लाल कड असलेला दिसला. त्यांचे डोळे तसला रंग दाखवत नव्हते. खर्डा आणि पुरावा यांच्या भांडणात मेंदूने मधला रंग काढून दिला होता. आणि काही जणांचा गोंधळ इतका वाढला की इस्पिक कसं दिसतं याचीच त्यांना खात्री वाटेना.

मग एक गंमत घडे. दोन-तीन उलटे पत्ते एकदा ओळखले गेले की पुढचे सहज ओळखू येत. असे पत्ते असू शकतात ही नोंद झाली की मेंदू तो पर्यायही तयार ठेवू लागतो. सगळ्यांना मात्र ते जमलं नाही. भरपूर वेळ देऊनही काही पत्ते शेवटपर्यंत चुकीचेच ओळखले गेले.

चेहरे आणि सावल्या

सगळ्याच विसंगतींवर मान सारखी वळत नाही. सगळ्यात हुकमी दृश्य चेहऱ्याचं. दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावर मेंदू चेहरा उभा करतो. भिंतीवरचा पोपडा, गाडीचे दिवे, नळाच्या दोन तोट्या, ढग, काहीही चालतं. याला पॅरिडोलिया म्हणतात. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ या यानाने मंगळाचा एक फोटो काढला. त्यातली एक टेकडी हुबेहूब वर पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसत होती. हा सावल्यांचा खेळ आहे असं नासाने तेव्हाच सांगितलं, तरी तो चेहरा पंचवीस वर्षं चर्चेत राहिला. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने अधिक स्पष्ट फोटो पाठवले तेव्हा ती झिजलेली साधी टेकडी निघाली.

चेहऱ्यांच्या बाबतीत मेंदू इतका उतावीळ का? हिशेब करून बघा. नसलेला चेहरा दिसला तर एकदा पुन्हा पाहावं लागतं, बस. असलेला चेहरा दिसला नाही तर कधी कधी जिवावर बेतू शकतं. स्वस्त चूक आणि महाग चूक यांतली स्वस्त चूक मेंदू आनंदाने पत्करतो. संधिप्रकाशात दोरीचा साप होतो तो याच हिशेबाने. आपल्याकडे तत्त्वज्ञांनी हा रज्जुसर्प शतकानुशतकं दृष्टान्त म्हणून वापरला, आणि निरीक्षण म्हणूनही तो तंतोतंत आहे: सापाचा दोर फारसा कुणाला दिसत नाही, दोराचाच साप होतो. मनात भीती असली की खर्डा तिकडेच झुकतो. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणतात ते उगीच नाही.

दुसरी हुकमी गोष्ट सावली. वस्तू जमिनीला टेकली आहे की वर आहे, हे आपण बरंचसं सावलीवरून ठरवतो. सावली वस्तूला चिकटलेली असेल तर वस्तू खाली, सुटी असेल तर वर. १९९७ मध्ये डॅनियल कर्स्टन आणि सहकाऱ्यांनी खोक्यात सरकणाऱ्या चेंडूचं साधं चलच्चित्र बनवलं. चेंडूचा मार्ग दोन्ही वेळा तोच, बदलली फक्त सावलीची वाट. एका वेळी चेंडू जमिनीवरून मागे घसरत जाताना दिसतो, दुसऱ्या वेळी हवेत वर उचलला जाताना. आता ती तरंगणारी सतरंजी आठवा. तिच्या कडेपासून थोड्या अंतरावर जमिनीवर सतरंजीच्याच आकाराचा ओला डाग असतो. मेंदूने तो सावली म्हणून धरला आणि सतरंजी उडवली. उथळ, काचेसारख्या स्वच्छ पाण्यातली होडी हवेत अधांतरी दिसते तेही असंच. पाणी नजरेला दिसत नाही आणि तळावर पडलेली सावली होडीपासून दूर असते.

तिसरा प्रकार रेषा जुळण्याचा. एकाच्या खांद्याची कड दुसऱ्याच्या हाताच्या कडेला नेमकी येऊन मिळाली की मेंदू ती एकच वस्तू मानतो. तीन पायांची जोडपी आणि माणसाचं धड लाभलेले कुत्रे यातूनच तयार होतात. माझ्या कुंडीचंही तेच झालं, तिचा तळ भिंतीच्या कडेला जुळला होता.

‘पण मी नीट लक्ष देऊन पाहते, मला असं होणार नाही’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो उलटा आहे. लक्ष दिल्याने दुसरी नजर टळते खरी, पण कधी कधी पहिलीही टळते. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना चेंडू फेकण्याचा व्हिडिओ दाखवला आणि पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी एकमेकांकडे किती वेळा चेंडू टाकला ते मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमध्ये येते, छाती बडवते आणि निघून जाते. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही.

सराव असला तर? २०१३ मध्ये २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमधल्या गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र घुसवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवलं की त्यातल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. यात त्या डॉक्टरांचा निष्काळजीपणा मला दिसत नाही. ते गाठ शोधत होते आणि गाठ शोधण्यात तरबेज होते. जे शोधतच नव्हतो त्याचा खर्डाही नव्हता, आणि नजर पडूनही अंदाजाची चूक वर पोहोचली नाही.

म्हणून चमकून पुन्हा पाहणं हे बावळटपणाचं लक्षण अजिबात नाही. विसंगती पकडली गेली, निरोप पोहोचला, तपासणीचा हुकूम निघाला. ज्या वेळी मान वळलीच नाही, त्या वेळांची मोजदाद आपल्याकडे कधीच नसते.

‘अंदाज चुकणारच असतील तर मेंदू ते बांधतोच कशाला?’

कारण वाट बघायला वेळ नाही. डोळ्यावर पडलेल्या उजेडाचं मेंदूत दृश्य व्हायला साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारं वाहन तेवढ्यात पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे आलेलं असतं. निव्वळ डोळ्यावर विसंबलो तर आपण कायम थोड्या जुन्या जगात वावरू. झेल घेता येणार नाही, गर्दीतून वाट काढता येणार नाही. अंदाज बांधल्यामुळे आपण वर्तमानात राहू शकतो, आणि त्याची किंमत म्हणून अधूनमधून एखादी कुंडी चालताना दिसते. मला हा सौदा फार फायद्याचा वाटतो.

दुसरं कारण याहून सुंदर आहे. २०१५ मध्ये एमी स्टाल आणि लिसा फाइगेन्सन यांनी अकरा महिन्यांच्या बाळांसमोर काही अशक्य प्रकार घडवले. खेळण्यातली गाडी एका बाळाला भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, दुसऱ्याला आधाराविना हवेत राहिल्यासारखी. नंतर गाडी हातात दिली. भिंतीतून गेलेली गाडी मिळालेली बाळं ती आपटून पाहू लागली, जणू ती खरंच भरीव आहे का याची खात्री करत होती. हवेत राहिलेली गाडी मिळालेली बाळं ती खाली टाकून पाहू लागली. अपेक्षेप्रमाणे वागलेल्या वस्तूंपेक्षा या वस्तूंविषयी ती नवीन गोष्टही लवकर शिकली. ज्यांना अजून बोलता येत नाही त्यांनी प्रश्न विचारला, आणि प्रत्येक चमत्काराला त्याचा त्याचा प्रश्न विचारला. अंदाज चुकतो तिथेच शिकण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या मेंदूला कळलेलं असतं.

‘हे डोळ्याच्या किंवा मनाच्या आजाराचं लक्षण तर नाही?’

वयस्कर वाचकांना ही काळजी असते, म्हणून स्पष्ट सांगते. दुसऱ्या नजरेत उलगडा झाला तर काळजीचं कारण नाही. अंधूक उजेडात, थकव्यात, चष्मा घातला नसताना असे भास वाढतात, कारण पुरावा कमी पडला की अंदाज जास्त बोलतो. पण पुन्हा पुन्हा पाहूनही नसलेली माणसं, नक्षी, प्राणी दिसत राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. दृष्टी बरीच कमी झालेल्या काही लोकांना अशी तपशीलवार चित्रं दिसतात, आणि ती खरी नाहीत हे त्यांना ठाऊकही असतं. शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, म्हणून या अवस्थेला बॉने यांचंच नाव मिळालं. ‘लोक वेडं म्हणतील’ या धास्तीने अनेक जण हे घरातही बोलत नाहीत. कृपा करून बोला. हे वेड नव्हे. डोळ्याकडून बातमी येणं कमी झालं की मेंदू आपली चित्रं काढत बसतो.

फोटोला दुसरी नजर का पुरत नाही?

रस्त्यावर आपण मान वळवतो तेव्हा नुसतं पुन्हा पाहत नाही, जगाला नवा प्रश्न विचारतो. डोकं चार बोटं जरी हललं तरी जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेत जास्त सरकतात, आणि कोण कुणाच्या पुढे आहे ते उलगडतं. दोन डोळ्यांना थोडी वेगळी दृश्यं मिळतात, त्यातूनही अंतर कळतं. शिवाय समोरचं जगही हलत असतं. बहुतेक चमत्कार या एवढ्याशा हालचालीत विरून जातात.

फोटोत यातलं काहीच होत नाही. जिथून खांदा आणि हात जुळले होते, नेमक्या त्या जागेवरून, एका भिंगातून, एक क्षण पकडलेला असतो. आपण कितीही मान वळवली तरी तो बिंदू सुटत नाही. अ‍ॅडलबर्ट एम्स या अमेरिकन संशोधकाने एक वाकडीतिकडी खोली रचली होती. तिच्यात एका कोपऱ्यातला माणूस राक्षसाएवढा आणि दुसऱ्यातला बुटका दिसतो, पण ती बघायची एका छिद्रातून, एकाच डोळ्याने. छिद्रापासून बाजूला झालात की जादू संपली. फोनवर आलेला प्रत्येक फोटो असं एक छिद्र असतो. म्हणूनच प्रत्यक्षात ज्यांनी आपल्याला पाव सेकंदही फसवलं नसतं ती दृश्यं फोटोत मिनिटभर छळतात.

संगणकाने बनवलेल्या चित्रांत अडचण आणखी खोल आहे. तरंगत्या सतरंजीच्या फोटोत ओला डाग कुठेतरी सापडतोच, कारण मागे एक खरी जागा होती. बनवलेल्या चित्रामागे जागाच नाही. दुसऱ्या नजरेने कितीही खोदलं तरी ‘अच्छा, असं होतं होय!’ हा क्षण येईलच असं नाही. सावल्यांच्या दिशा, बोटं, पाटीवरची अक्षरं तपासावीत असं सांगितलं जात होतं, पण या खुणा दिवसेंदिवस पुसट होत आहेत. निव्वळ डोळे ताणून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. तिथे बाजूला सरकायचं ते वेगळ्या अर्थाने: हे चित्र कुणी पाठवलं, पहिल्यांदा कुठे आलं, याच प्रसंगाचा दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो कुणाकडे आहे का? खऱ्या घटनेला सहसा एकाहून जास्त बाजूंनी पाहणारे असतात.

एकदा कळलं की

काळ्या-पांढऱ्या डागांचं एक प्रसिद्ध चित्र आहे. आधी नुसते शिंतोडे दिसतात. त्यात जमीन हुंगणारा डाल्मेशियन कुत्रा आहे असं कुणी सांगितलं की तो दिसतो, आणि मग वर्षांनी पाहिलं तरी पुन्हा नुसते शिंतोडे दिसत नाहीत. खर्डा बदलला की जुन्या नजरेकडे परतता येत नाही.

काल तो माणूस पुन्हा त्या भिंतीमागून गेला, या वेळी दोन कुंड्या एकीवर एक ठेवून. मी मुद्दाम फक्त कुंड्याच पाहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. भिंत तेवढीच उंच होती, त्याचा केसही दिसत नव्हता, आणि मला तो चालताना अगदी स्पष्ट दिसत होता.